काशिनाना आणि पुढची दोन चाकं

काशिनाथ घरत गिऱ्हाइकाच्या गाडीत बसले की रस्त्याकडे पाहत नसत. डावीकडच्या सीटवर बसून, मान थोडी खाली घालून, ते चालवणाऱ्याच्या उजव्या पायाकडे पाहत. पळस्प्याहून कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत आणि परत, एवढी ती फेरी असे. त्या वेळात ते दोन-तीन वाक्यांपलीकडे बोलत नसत. गाडी शेडमध्ये परत आली की उतरताना म्हणत, "गाडीचं काम अर्ध्या तासाचं हाय. पायाचं तुमी घरी करा."

पळस्पे फाट्याच्या थोडं अलीकडे, जुन्या रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. फलकावर मालकाचं नाव नव्हतं, फक्त 'व्हील अलाइनमेंट' एवढंच. गाडीच्या चाकांचे कोन तपासायचे आणि बिघडले असतील तर जागेवर आणायचे, हे तिथलं काम. सगळा परिसर त्यांना काशिनाना म्हणत असे. बेताची उंची, सावळा रंग, पांढरा सदरा आणि खाकी पँट. सदरा दिवसअखेरीलाही बऱ्यापैकी पांढरा असे, कारण काम करताना ते अंगाला ग्रीस लागू देत नसत. ग्रीस अंगावर येणं हे घाईचं लक्षण आहे, असं त्यांचं मत होतं.

शेड उघडल्यावर ते पहिल्यांदा जमिनीवर बादलीभर पाणी ओतत. पाणी कुठे पळतं ते उकिडवे बसून पाहत आणि जिथे पळालं तिथे खडूने खूण करून ठेवत. वर्षातून एकदा त्या खुणा पाहून कोबा नव्याने घालून घेत. त्यांचे वडील उरणकडच्या एका मिठागरात कामाला होते आणि नानांची स्वतःची विशीपर्यंतची वर्षंही तिथेच गेली. मिठागराच्या वाफ्यात पाणी सारखं पसरलं नाही तर मीठ एकाच कडेला धरतं, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं. "खालची जमीन वाकडी असली तं वरची गाडी मी कशावर सरळ करू?" असं ते विचारत. नंतर त्यांनी कॉम्प्युटरचं यंत्रही घेतलं, पण पाणी ओतणं बंद केलं नाही. यंत्राचे आकडे हिरवे दिसले म्हणून खूश झालेल्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "कंपूटर उभी गाडी बगतो. तुमी गाडी उभी ठेवायला घेतली हाय का?"

त्यांच्याकडे येणाऱ्यांत करंजाड्याच्या नव्या इमारतींत राहायला आलेले नोकरदार बरेच असत. नवी, ताकदवान इंजिनाची गाडी घ्यायची, पहिल्याच रविवारी अलिबागच्या रस्त्याला लावायची आणि सोमवारी तक्रार घेऊन यायचं, असा क्रम होता. एका इंजिनिअरनं इंटरनेटवरून चार पानं छापून आणली होती. जोरात पाय दिला की स्टीअरिंग उजवीकडे जातं, याला टॉर्क स्टीअर म्हणतात, आणि त्याची कारणं ही अशी, असं त्यानं उभ्याउभ्या वाचून दाखवलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि वाचून झालं असेल तर आता चालवा म्हणाले.

खिंडीतल्या वळणांवरून तीन फेऱ्या झाल्यावर त्यांनी त्याला जे सांगितलं, ते मी नंतर त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं. "साहेब, तुमच्या गाडीला मागून कोणी ढकलत नाय. दोन बैल पुढं हायत. गाडी त्यांनीच ओढायची, त्यांनीच वळवायची. ते वळत असताना तुमी चाबूक मारला तं ते ओढतील का वळतील?" आणि मग कामाची गोष्ट. इंजिन आडवं बसवलेलं असतं, गिअरबॉक्स एका बाजूला असतो, म्हणून दोन चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांपैकी एक आखूड आणि एक लांब होते. एकदम जोर दिला की दोन्ही चाकं सारखी ओढत नाहीत आणि स्टीअरिंग एका बाजूला झुकतं. नाना याला नुसती 'ओढ' म्हणत. ही ओढ गाडीच्या घडणीत आहे. ती सांभाळायची असते, काढता येत नाही. वळणात शिरताना जेवढा पाय दिला तेवढाच धरून ठेवायचा. मध्येच दाबला तर गाडीचं नाक वळणाबाहेर जातं, मध्येच काढला तर आत येतं. इंजिनिअरनं विचारलं, मग दुरुस्ती काहीच नाही का? नाना म्हणाले, "हाय ना. हळू दाबा."

माझी त्यांची ओळख गाडीमुळे झाली नाही. ती सात ओळींच्या बातमीमुळे झाली.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाचा पनवेलचा वार्ताहर होतो. कर्नाळा खिंडीत एक टुरिस्ट गाडी मोरीच्या कठड्याला धडकली आणि एका प्रवाशाचं मनगट मोडलं. पोलीस ठाण्याला फोन करून मी माहिती घेतली आणि पाच मिनिटांत बातमी पाठवली. 'भरधाव वेगातील गाडीवरील चालकाचे नियंत्रण सुटल्याने हा अपघात झाला,' असं त्यात वाक्य होतं. चालकाचं नाव नितीन मोकल, तेही दिलं होतं. नियंत्रण सुटल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. 'भरधाव' हा शब्द कोणीच सांगितला नव्हता. तो माझ्या हाताच्या सवयीनं आला होता.

चौथ्या दिवशी सकाळी एक साठीकडे झुकलेले गृहस्थ आमच्या छोट्या कार्यालयात आले. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कात्रण काढून माझ्यासमोर ठेवलं आणि हे तुम्हीच लिहिलं का, असं विचारलं. मी हो म्हणालो.

"भरधाव म्हंजे किती?"

मी सांगितलं, तशी लिहिण्याची पद्धत आहे.

"आणि नियंत्रण सुटलं म्हंजे कोणी सोडलं?"

माहिती पोलिसांची आहे, असं मी म्हणालो. हे उत्तर आमच्या धंद्यात पुरेसं समजलं जातं. ते खुर्चीत बसले आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "पोलिसांनी गाडी बगितली नाय. तुमी बी नाय. मी बगितली. ती माझ्या हातची गाडी हाय, मीच ती बिघडवून दिली होती. त्याचं नाव लिवलं, तसं माझं लिवा."

बातमीतून नाव काढा म्हणणारे आमच्याकडे नेहमी येत. नाव घाला म्हणणारा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. त्या गाडीचा मालक नवीन पनवेलचा, टुरिस्ट गाड्यांचा धंदा करणारा. जोर दिला की गाडी उजवीकडे जाते, ही त्याची तक्रार. नानांनी यंत्रावर कोन तपासले, ते बरोबर होते. ही ओढ गाडीचीच आहे, असं त्यांनी सांगितलं. मालक तीन वेळा परत आला. तिसऱ्या वेळी चार माणसांसमोर म्हणाला की नाना, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, फलक उतरवून टाका. तेव्हा नानांनी उजव्या चाकाचा माथा किंचित आत कलवून दिला. त्यामुळे गाडी मुळातच जराशी डावीकडे झुकू लागली. पाय दिला की उजवी ओढ आणि हा डावा झुकाव एकमेकांना कापत, गाडी सुतासारखी सरळ जाई. मालक खूश झाला. पण पाय काढला की उजवी ओढ संपे आणि नुसता डावा झुकाव उरे.

नितीन खिंडीतल्या डाव्या वळणात होता. समोर रस्त्यावर माकडं आली म्हणून त्यानं पाय काढला. कोणीही शहाणा चालक तेच करेल. वळणात पाय काढल्यावर गाडीचं नाक एरवीही थोडं आत येतं, त्यात नानांनी दिलेल्या झुकावाची भर पडली. गाडी डांबर सोडून आत गेली आणि कठड्यावर आदळली.

हातात माझी बातमी धरून मालकानं नितीनला कामावरून काढलं. तिचा फोटो चालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला आणि आणखी दोन मालकांनी त्याला परत पाठवलं. पोलिसांच्या कागदात निष्काळजीपणा लिहिलेला होता, परवान्यावरही संकट होतं. अकरा वर्षांत त्याच्या हातून गाडीला ओरखडा गेला नव्हता. पण नाना कार्यालयात आले ते वेगळ्याच कारणानं. आदल्या दिवशी नितीन त्यांच्या शेडवर येऊन बसला होता. पहिल्या दिवशी तो सांगत होता की मी पाय काढला आणि गाडी आत ओढली गेली. आता तो तसं सांगत नव्हता. "सगळ्यांनी सांगून सांगून आता तो सोताच म्हणतो, मला डुलकी लागली असंल," नाना म्हणाले. "जागा माणूस सोताला झोपलेला समजायला लागला. हे बरं नाय."

मी त्यांना म्हणालो की तुमचं म्हणणं मला पटतंय, पण छापायला पुरावा लागेल. रविवारी सकाळी करंजाड्याला या, असं ते म्हणाले.

करंजाड्याच्या नव्या सेक्टरमधले रस्ते तेव्हा तयार होते आणि इमारती व्हायच्या होत्या. अशा एका रिकाम्या डाव्या वळणावर नानांनी चुन्याची रेघ मारून ठेवली होती. गाडी त्यांच्या जावयाची, अपघात झालेल्या गाडीच्याच जातीची. तिच्या उजव्या चाकाचा माथा त्यांनी तसाच कलवला होता. जावई कडेला उभा राहून टायर झिजतील का, असं दोनदा विचारून गेला. नाना त्याच्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी दिली तेव्हा मी एवढं विचारलं नव्हतं, जावई."

चालवायला त्यांनी मला बसवलं. वेग चाळीस, रेघ डाव्या चाकांच्या कडेनं धरायची, पाय हलवायचा नाही. गाडी रेघेवरून गेली. दुसऱ्या फेरीला त्यांनी सांगितलं की वळणाच्या मध्यावर पाय काढा, हात मात्र आहेत तसेच ठेवा. मी पाय काढला आणि गाडी माझ्या हाताखालून डावीकडे शिरली. उतरून पाहिलं तर चाकांचा माग रेघेच्या दोन विती आत गेला होता. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच झालं. मग नानांनी गाडी शेडवर नेली, चाक जागेवर आणलं आणि पुन्हा त्याच वळणावर मला बसवलं. या वेळी पाय काढल्यावर माग चार बोटं आत गेला. नाना मागाशेजारी उकिडवे बसले, चुन्यावर बोटं ठेवून मोजलं आणि म्हणाले, "चार बोटं गाडीची. बाकीची माझी."

मुंबईच्या कार्यालयाला हे सांगणं सोपं नव्हतं. सात ओळींच्या बातमीचा खुलासा कोणी छापतं का, असा वरिष्ठांचा प्रश्न होता. सरकारी कागद हवा, असं ठरलं. नानांनी वाट पाहिली नाही. त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासून घ्या, असा अर्ज केला. गाडीची डावी बाजू चेपली होती, उजवं चाक शाबूत होतं. त्याचा कोन चुकीचा असल्याचं निरीक्षकानं लिहून दिलं.

खुलासा लिहिताना मी माझ्या परीनं त्यांना वाचवायला पाहिलं. 'एका गॅरेजचालकाच्या चुकीमुळे' असं लिहितो, नाव कशाला, असं सुचवलं. धंदा बसेल, हेही सांगितलं. नानांनी मान हलवली. "पळस्प्यात अलाइनमेंटवाले चार हायत. चौघांच्या नावाला कशाला लावता?"

नऊ ओळींचा खुलासा आतल्या पानावर आला. त्यात त्यांचं नाव होतं, आणि 'भरधाव' या शब्दाला आधार नव्हता, हेही होतं. ती ओळ नानांनी मागितली नव्हती. पण त्यांचं नाव लिहून माझी चूक तेवढी वगळणं मला जमलं नाही.

छापून आलं त्या दिवशी मी शेडवर गेलो तर नितीन तिथे होता. पस्तिशीचा, शांत माणूस. नाना त्याला गाडीखालचे भाग हातात देऊन सगळं पुन्हा समजावत होते. शेवटी म्हणाले, "तुला डुलकी लागली नव्हती. तू जागा होतास." नितीननं हातातला बोल्ट खाली ठेवला. मग त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि नानांपुढे धरला. "हेच एकदा बायकोला सांगा," तो म्हणाला.

नानांनी सांगितलं. फोनवर पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. नाना नुसतं "व्हय, व्हय" करत होते आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होते.

नितीनला त्या मालकानं परत घेतलं नाही. पण निरीक्षकाचा कागद जोडला गेल्यामुळे परवाना राहिला. महिन्याभरानं पेणच्या एका शाळेच्या बसचं कंत्राट असलेल्या बाईंचा मला फोन आला. नितीन मोकल कामाला विचारतोय, त्याची एक जुनी बातमी आणि एक नवी बातमी आहे, यातली खरी कुठली, असं त्या विचारत होत्या. एरवी मी म्हणालो असतो की माहिती पोलिसांची आहे. त्या दिवशी म्हणालो, नवी. मी स्वतः चालवून पाहिलं आहे. नितीन अजून त्या बसवर आहे.

नानांचा धंदा मी म्हणालो होतो तसा बसला. टुरिस्टवाल्यांनी गाड्या आणणं थांबवलं आणि पाच-सहा महिने शेड बहुतेक रिकामी असे. मी कधी गेलो तर ते यंत्र पुसत बसलेले दिसत. एकदा मी म्हणालो की त्या मालकानं तुम्हाला भरीला घातलं, सगळा दोष तुमचा नाही. ते म्हणाले, "त्याला नाय म्हणायला दोन मिनिटं लागली असती. मी फलकाकडं बगत बसलो." गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून खिंडीपर्यंत जाण्याची पद्धत त्यांनी तेव्हापासून सुरू केली. आधी ते फक्त शेडमधल्या उभ्या गाडीवर विश्वास ठेवत. हळूहळू लोक परत आले. चूक कबूल करणारा मिस्त्री सापडत नाही म्हणून काही तर मुद्दाम कळंबोली, खारघरहून येऊ लागले. नानांना यात विशेष काही वाटत नसे.

माझ्या कामातही बदल झाला. अपघाताची बातमी आली की मी गाडी कुठे उभी करून ठेवली आहे ते विचारू लागलो आणि जमेल तेव्हा जाऊन पाहू लागलो. चाकं, रस्त्यावरचा माग, वळण कुठल्या बाजूचं, हे लिहू लागलो. बातमी कधी एक दिवस उशिरा गेली, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. कळत नसे तेव्हा नानांना फोन करत असे. ते एकही शब्द अंदाजानं सांगत नसत. "मी बगितली नाय, मंग कसं सांगू?" हे त्यांचं उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे तेच मी माझ्या वरिष्ठांना देऊ लागलो. या व्यवसायात मला शिकवणारे संपादक चांगले होते. पण शब्द छापण्याआधी तो कोणाच्या अंगावर पडणार आहे हे बघायला मला एका अलाइनमेंटवाल्यानं शिकवलं, आणि तेही स्वतःचं नुकसान करून घेऊन. हे त्यांना सांगायचं मनात होतं. एकदा सुरुवात केली, तर त्यांनी मला चहा घ्यायला लावला आणि विषय बदलला.

गेल्या वर्षी नाना गेले. मूत्रपिंडाचा आजार होता. निधनाची बातमी मीच द्यायची होती. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. नानांच्या पत्नी, काकी, ओटीवर बसल्या होत्या, नितीन आणि त्याची बायको भिंतीशी होती. मी वय विचारलं, मुलं-नातवंडं विचारली. मग म्हणालो, शेवटपर्यंत ते शेडवर जात होते, असं लिहू का?

"नको," काकी म्हणाल्या. "शेवटचे दोन महिने नाय गेले. जाववत नव्हतं. खोटं कशाला लिवता त्यांच्या नावानं?"

मी ती ओळ खोडली. आजार किती दिवसांचा होता, तेही विचारलं. चौदा महिन्यांचा, त्या म्हणाल्या.

बातमी सहा ओळींची झाली. संध्याकाळी पान लागण्याआधी मी मुंबईहून ती मागवून वाचली. 'अल्पशा आजाराने निधन' असं तिथल्या कोणीतरी सवयीनं करून टाकलं होतं. मी फोन करून ते काढायला सांगितलं. उपसंपादक नवा होता. त्यानं त्रासून विचारलं की एवढ्यानं असा काय फरक पडतो.

मी म्हणालो, चौदा महिन्यांचा.